दिवा विझवण्याआधी कोड लिहून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मीटरमधला इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा कधी लागतो, कधी आपोआप विझतो आणि गाडी गॅरेजमध्ये नेली की हटकून विझलेलाच असतो, हा अनुभव बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलेल्या पुष्कळ वाहनधारकांना असेल. माझ्या २०१४ सालच्या पेट्रोल गाडीला मी मान्यताप्राप्त किट बसवले आणि त्याची आरसी बुकावर रीतसर नोंदही करून घेतली. त्यानंतर या दिव्याने जो खर्च करायला लावला, त्यावरून दुरुस्तीच्या प्रचलित पद्धतीविषयी एक तक्रार मांडतो.

आमची थोडी शेती साताऱ्याजवळ कासच्या बाजूला असल्याने दर रविवारी यवतेश्वरचा घाट चढावा लागतो. दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेताना गाडी एक-दोन झटके खायची, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘मिसिंग मारणे’ म्हणतात तसे व्हायचे, आणि दिवा लागायचा. पुढे दोन-तीन दिवस पोवई नाका ते शाहूपुरी अशा सपाटीवरच्या फेऱ्या झाल्या की दिवा गायब. पहिल्या गॅरेजमध्ये गाडीच्या संगणकातल्या दोषाच्या नोंदी वाचणारा स्कॅनर जोडून, पडद्याकडे क्षणभर पाहून ‘एरर क्लिअर केलाय’ असे सांगण्यात आले आणि ३०० रुपये घेतले गेले. दुसऱ्या ठिकाणी धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलला. त्याचे ४,२०० रुपये झाले. पुढच्या रविवारी त्याच वळणावर तोच दिवा पुन्हा लागला.

दिवा विझला म्हणजे दोष गेला असे नव्हे, हे आम्हा ग्राहकांनाही माहीत नसते. बहुतेक दोषांच्या बाबतीत तो सलग दोन फेऱ्यांत आढळला तरच गाडीतला संगणक दिवा लावतो, आणि नंतरच्या सलग तीन फेऱ्यांत आढळला नाही तर विझवतो. मात्र त्याचा कोड, म्हणजे दोषाचा सांकेतिक क्रमांक, संगणकाच्या स्मरणात राहतो आणि इंजिन गार होऊन पुन्हा तापण्याची साधारण चाळीस आवर्तने निर्दोष झाल्यावरच पुसला जातो. कोडसोबत ‘फ्रीझ फ्रेम’ नावाची नोंदही असते. दोष घडला त्या क्षणी वेग किती होता, इंजिनचे फेरे किती होते, पाणी किती तापले होते, इंजिनवर भार किती होता हे सारे त्यात टिपलेले असते. अधूनमधून येणाऱ्या दोषाचा हा एकमेव पंचनामा असतो आणि ‘क्लिअर’चे बटण दाबताच तोही पुसला जातो.

एमआयडीसीकडच्या तिसऱ्या मेकॅनिकने हे बटण दाबायला साफ नकार दिला, इतकेच नव्हे तर पावतीच्या पाठीवर तीन कोड लिहून दिले : पी ०२०३, पी ०३०३ आणि पी ०१७१. पहिला सांगतो की इंजिनच्या तिसऱ्या सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरच्या वायरिंगमध्ये खंड आहे, दुसरा सांगतो की तिसरा सिलिंडर पेट घेत नाही, आणि तिसरा सांगतो की मिश्रणात इंधन कमी पडते आहे. एका सिलिंडरला इंधनच मिळाले नाही तर त्यातला ऑक्सिजन न जळता धुरासोबत बाहेर पडणार आणि सेन्सर तो प्रामाणिकपणे नोंदवणार, त्यामुळे पी ०१७१ चा अर्थ ‘सेन्सर बदला’ असा कधीच नव्हता. मी ४,२०० रुपये मोजून साक्षीदारालाच बडतर्फ केले होते.

पुढचा तपास पाहण्यासारखा होता. फ्रीझ फ्रेममध्ये वेग ताशी २४ किलोमीटर, इंजिनचे फेरे मिनिटाला १,९०० आणि भार जास्त, म्हणजे नेमका घाट. तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी पाडणारी कॉइल पहिल्यावर लावून पाहिली, तरी तक्रार तिसऱ्यावरच राहिली. गॅस बंद करून फक्त पेट्रोलवर घाट चढवला तरी झटका आलाच, त्यामुळे गॅसचे इंजेक्टर आणि गॅसचा दाब कमी करणारा रेग्युलेटर संशयातून सुटले. किट बसवताना मूळ संगणकाकडून पेट्रोल इंजेक्टरकडे जाणारी वायर कापून मध्ये किटचा संगणक जोडतात. दोन्ही इंधनांवर त्रास होतो म्हटल्यावर संशय मूळ संगणकाच्या बाजूच्या जोडावरच उरला. इंजिन चालू ठेवून त्यांनी एकेक वायर हलक्या हाताने हलवायला सुरुवात केली, आणि एका ठिकाणी इंजिन अडखळले. चिकट झालेली टेप सोलली तर आत तांब्याच्या तारांना नुसते दोन पीळ दिलेले, पावसाळी दमटपणाने हिरव्या पडलेल्या आणि जेमतेम तीन-चार तारांवर तग धरून असलेल्या. दुसऱ्या गिअरवर जोर पडला की इंजिन माउंटिंगवर, म्हणजे त्याच्या रबरी आधारांवर, कलते, वायर ताणली जाते आणि तेवढ्यापुरता संपर्क तुटतो. सोल्डर करून, श्रिंक ट्यूब चढवून आणि वायरीला थोडी ढील देऊन काम ३५० रुपयांत झाले. त्यानंतर दहा रविवार, त्यातले बरेचसे भर पावसातले, दिव्याविना गेले आहेत.

सीएनजीच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाबाचा वायू असल्यामुळे त्याची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने चाचणी, होते, आणि ते योग्यच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे फेरबदलाची नोंदही करावी लागते. परंतु कापलेल्या वायरींचे जोड कसे केले आहेत, हे कोणीच तपासत नाही. गोष्ट फक्त सीएनजीची नाही; बाजारातला सायलेन्सर बसवताना सेन्सरच्या आधीच्या जोडात गळती राहिली तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन असाच फसवा कोड येतो. म्हणून गॅरेजचालकांनी कोड पुसण्यापूर्वी तो फ्रीझ फ्रेमसह पावतीवर लिहून द्यावा, आणि किट बसवणाऱ्यांनी कोणती वायर कुठे कापली याचा साधा आराखडा ग्राहकाला द्यावा, ही माझी विनंती आहे. ग्राहकांनीही हे दोन्ही मागून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दिवा लुकलुकत असेल तर मात्र गॅरेजपर्यंतही गाडी दामटू नये, कारण न जळलेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो आणि त्याची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते.

कापून काढलेला तो हिरवा तुकडा मी कागदात गुंडाळून किट बसवणाऱ्यांकडे घेऊन गेलो होतो. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “साहेब, आम्ही सगळ्यांच्याच गाड्यांना असंच जोडतो.”

– एक वाहनधारक, शाहूपुरी, सातारा