पोहे-जिलेबीच्या गावातून

इंदूर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, आधी साखरेचं सांगते, त्याशिवाय तू पुढचं वाचायची नाहीस. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती एचबीएवनसी या वेळी ६.८ आली. सातच्या आत आहे, डॉक्टर खूश आहेत. गोळी चालू आहे. आत्याच्या काढ्यासाठी ती मी सोडणार नाही, तिला वाईट वाटलं तरी.

इथलं एक मात्र तुम्हाला खरं वाटायचं नाही. सकाळी सगळं इंदूर पोहे खातं आणि पोह्यांबरोबर जिलेबी! पोहे वाफेवर गरम ठेवलेले, त्यावर जिरावण मसाला, मूठभर शेव, कच्चा कांदा, लिंबू. शेजारी पाकातून नुकती निथळलेली जिलेबी. एक घास तिखट, एक गोड. रात्री सराफ्यात दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू म्हणजे तळलेला कंद, साबुदाण्याची खिचडी. तीही घरी जेवून आलेली माणसं खातात, मध्यरात्र उलटून गेली तरी! मीही जाते मैत्रिणींबरोबर. कीस चार चमचे खाते, जिलेबीला हात लावत नाही. म्हणून उगाच काळजी करू नका.

मावशी म्हणते अंडी खा. कशाला? मटकीची उसळ, मुगाचं धिरडं, पालेभाजी, ताक आहेच की. आधी कोशिंबीर नि उसळ, मग दीड भाकरी, भात दोन घास. ज्वारीची झाली तरी भाकरी मोजूनच खायची, हे बाबांना सांग. एकादशीला साबुदाणा बंद, राजगिरा नि दही.

आणि बाबांचं बी-बारा जीवनसत्त्व तपासून घ्याच. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी वर्षानुवर्षं घेतली की ते कमी होऊ शकतं, त्यात आपण शाकाहारी. पाय बधिर होतात ते वयामुळे म्हणून सोडून देऊ नका. मी जवळ असते तर स्वतः घेऊन गेले असते. डोळ्याच्या ऑपरेशनलाही नव्हतेच.

दादाच्या खात्यावर पैसे टाकलेत, तपासणी त्यातूनच करा. कमी आहेत, पुढच्या महिन्यात भरून काढते.

कऱ्हाडच्या स्थळाला माझ्या शुगरचं पत्रिकेआधी सांगा. लग्नानंतर कळेल हळूहळू, असं नको. त्यांच्या स्वयंपाकघरात लपून गोळी घेणं मला जमणार नाही. नाही म्हणाले तर म्हणू देत, तू मात्र रडायचं नाहीस.

दिवाळीला येतेच, सुट्टी थोडी आहे तरी.

तुमची,
सुमा