विहिरीत दगड टाकून फिजिक्स

संपादक महोदय, स.न.वि.वि.,

मी जुन्नर तालुक्यातला पालक. आमच्याकडे खोडदला जीएमआरटी या अवकाश पाहणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिशेसपैकी बऱ्याच उभ्या आहेत, जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात, आणि पोरगी ज्या शाळेत जाते तिथं लॅबचं कपाट कुलपात, प्रयोग फळ्यावर!

मागच्या सुट्टीत तिनं नि मैत्रिणींनी आमच्या विहिरीत दगड टाकून मोबाईलच्या स्टॉपवॉचवर वेळ मोजला, दीड सेकंद आला, पडत्या वस्तूच्या सूत्रानं पाणी ३६ फुटांवर, पण कासरा सोडून मोजलं तर ४१ फूट. मग भांडणं, सूत्र चुकलं का दोरी ओढली गेली, वीसेक वेळा टाकल्यावर कळलं की बटण दाबायला एक दशांश सेकंद उशीर झाला तरी पाच फूट जातात. एरर म्हणजे काय हे तिला पुस्तकातनं कधी समजलं नव्हतं (मलाही नाही).

दहावीला प्रॅक्टिकलचे २० मार्क असतात, जर्नल एकमेकांचं उतरवून मिळतात. त्यातले पाच तरी असल्या स्वतःच्या शोधाला द्या, उत्तर चुकलं तरी चालेल, वही खरी पाहिजे.

– एक पालक, ता. जुन्नर