पोळ्याला न येण्याचे कारण

तीर्थरूप आई-बाबांस, साष्टांग नमस्कार.

यंदा पोळ्याला घरी येणे जमणार नाही, हे मी फोनवर सांगितले तेव्हा बाबा काहीच बोलले नाहीत, म्हणून सविस्तर लिहीत आहे. तिकिटासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून मी येथे अ‍ॅरिझोनात, भाड्याने विमान घेऊन उडवणाऱ्या वैमानिकाचा विमा घेतला. हप्ता भरून झाला आहे.

विमान उड्डाण क्लबचे, मग विमा तुझा कशाला, असे बाबांच्या मनात आले असेल. क्लबचा विमा आहेच, पण तो मालकाला सांभाळतो; विमानाचे नुकसान झाले तर कंपनी मालकाला भरपाई देते आणि चूक वैमानिकाची असेल तर ती रक्कम त्याच्याकडून वसूल करू शकते. आमच्यातल्या एका मुलाकडून विमान ढकलताना पंख हँगरच्या दाराला घासला, आणि काही महिन्यांनी त्याला वसुलीचे पत्र आले. ते वाचले त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोरून आपले विहिरीजवळचे वावर हलेना. माझ्या शिक्षणापायी ते एकदा गहाण पडले, बाबा. पुन्हा पडू नये.

म्हणून इतरांची इजा व मालमत्ता यांसाठी 5,00,000 डॉलर, त्यात सोबतच्या प्रत्येक प्रवाशामागे 1,00,000 पर्यंत, आणि भाड्याच्या विमानाच्या नुकसानीसाठी वेगळे 60,000 डॉलर असे संरक्षण घेतले. ही शेवटची रक्कम कमी ठेवली असती तर तिकीट निघाले असते, हे कबूल करते. पण चार आसनी सेसना 172 जुने असले तरी महागच असते. या विम्यात माझ्या स्वतःच्या दुखापतीचे किंवा जिवाचे पैसे मिळत नाहीत, म्हणून खासगी उड्डाण न वगळणारा आयुर्विमाही निराळा काढला आहे. आई, हे वाचून घाबरू नकोस. उड्डाणापूर्वी मी पंखातले थोडे इंधन पारदर्शक नळीत काढून उजेडात धरते. ते निळसर असते, आणि पाणी असले तर तळाशी थेंब दिसतो. तू रॉकेलची बाटली दारात धरून पाहायचीस, अगदी तशीच मी उभी असते. पंखावर आधीचा पोचा दिसला तर फोटो काढल्याशिवाय चावी घेत नाही. तुरीची डाळ येथे मिळते, खोली थंड असते, जेवण वेळेवर होते.

बाबा, आता तुमचे. पीक विम्यासाठी शेवटच्या तारखेची वाट पाहू नका, आणि ई-पीक पाहणीत कपाशीच्या जागी सोयाबीन तर नोंदले गेले नाही ना, हे शेजारच्या दादाकडून मोबाईलवर तपासून घ्या. तफावत राहिली तर दावा अडतो. रक्तदाबाची गोळी वावरात जाण्याआधीच घ्यायची. फवारणी तुम्ही करायची नाही. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने काय झाले, ते तुम्हीच मला सांगितले होते.

दिवाळीला नक्की येते. खांदमळणीला सर्जाच्या खांद्यावर माझ्या वाटचे लोणी-हळद आईने लावावी, आणि फोटो त्याच रात्री पाठवावा.

तुमची,
मनू