टेबलाखाली शिरून बघ

मँचेस्टर,
रविवार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रत्नागिरीच्या त्या बंगल्यातलं जे टेबल तू विकत घ्यायचं म्हणतोयस, त्याचे फोटो मिळाले. फोनवर तू 'पूल टेबल' म्हणालास म्हणून माझ्या डोळ्यांपुढे आठ-नऊ फुटी काहीतरी होतं. फोटोत बघतो तर खाली चांगले आठ पाय! ते पूलचं नव्हे, विलायती बिलियर्डचं पूर्ण मापाचं टेबल असणार. आमच्या वर्कशॉपमध्ये रोज हीच खोलायची नि जोडायची, त्यामुळे पाय मोजायची सवय लागलीय.

तरी टेप लावून खात्री कर. लाकडाच्या बाहेरून मोजू नकोस, आतल्या कडांना लावलेल्या समोरासमोरच्या रबरांच्या मधलं अंतर घे. 11 फूट साडेआठ इंच बाय 5 फूट 10 इंच आलं तर माझं म्हणणं खरं. 100 बाय 50 इंच आलं तर अमेरिकन पद्धतीचं नऊ फुटी. खिशांची तोंडंही सांगतात: विलायती टेबलाचं रबर खिशापाशी गोलसर वळतं, अमेरिकन सरळ कापलेलं असतं, आणि त्याच्या कडेच्या लाकडात बहुतेक वेळा ठिपके जडवलेले असतात.

माप आधी अशासाठी, की वहिनी ते ओटीवर ठेवायचं म्हणतायत. काठी असते 4 फूट 10 इंचांची. ती चारी बाजूंनी मागे खेचायला जागा हवी, म्हणजे साधारण 22 बाय 16 फुटांची मोकळी खोली, मध्ये एकही खांब नको. ओटीवर पाहुणे खेळायला लागले तर पहिला दणका तुळशीच्या बाजूच्या खिडकीलाच बसेल. आंब्याच्या पेट्या भरायची शेड पुरेल, पण पाहुण्यांचा हंगाम नि पेट्यांचा हंगाम एकच, हे तूच ठरव. माडीचं तर नावच काढू नका. नुसत्या कापडाखालच्या दगडाचंच वजन नऊशे किलोच्या आसपास जातं.

दलाल दोनशे वर्षांचं म्हणतो ना? त्याला म्हणावं, लंडनच्या थर्स्टन या टेबलं बनवणाऱ्याने टेबलावर स्लेटचा दगड घातला तो 1826 च्या सुमारास, आणि रबराच्या कडा आल्या 1835 मध्ये. ते रबरही थंडीत दगड व्हायचं. टिकाऊ, गंधक घालून भाजलेलं रबर त्यानंतर दहाएक वर्षांनी आलं. आणि ब्रह्मदेशच्या थिबा राजाचं टेबल म्हणून दर वाढवत असेल तर कागद माग. राजा 1886 मध्ये रत्नागिरीला आला, 1916 मध्ये तिथेच वारला, हे खरं. पण रत्नागिरीत जुनं काही विकायला निघालं की ते थिबाचंच कसं असतं?

कडेच्या लाकडावर कंपनीच्या नावाची पट्टी दिसते, तिच्यावर भाळू नकोस. पुढे कधी रबर बदललं, कापड बदललं, की ते करणारा आपलीच पट्टी ठोकून जायचा. बैल घेताना झूल कोण बघतो?

खरा पैसा दगडात. अंगावरचे कपडे मळतील, पण विजेरी घेऊन टेबलाखाली शीरच. पूर्ण टेबलाला दगडाचे पाच तुकडे असतात, बहुधा पावणेदोन ते दोन इंच जाड. प्रत्येकावर बोटाच्या पेराने टिचकी मारत जा. अखंड दगड खणखणतो, तडकलेला बद्द वाजतो. कडेला रबराच्या पट्ट्या आवळायचे बोल्ट दगडातच जातात. त्या भोकांपाशी कपचा उडालाय का, एका भोकातून दुसऱ्याकडे चीर गेलीय का, ते नीट बघ. खिशाजवळचा टवका भरून निघतो. खेळायच्या जागेतून आरपार गेलेली चीर असेल तर मी तरी हात लावणार नाही. दगडांच्या जोडांवर गवंड्याची ॲल्युमिनियमची लांब पट्टी आडवी ठेव नि मागून विजेरी धर. उजेड दिसला म्हणून लगेच घाबरू नकोस. सांगाडा एका बाजूला बसला असेल तरी जोड वरखाली होतात, आणि ते पाचरी घालून सरळ करता येतं.

आपल्याकडे काही टेबलांना संगमरवरही घालतात. कापडाखालची, न दिसणारी कड खरवडून लिंबाचे दोन थेंब टाक. बारीक बुडबुडे आले तर संगमरवर. वाईट नव्हे, पण स्लेटचा दर देऊ नये.

मग लाकूड. इथे ओल असते, पण आपल्या खाऱ्या हवेसारखी नव्हे. पायांचे तळ आणि सांगाड्याच्या आडव्या तुळया स्क्रूड्रायव्हरने टोचून बघ. मातीची नळी दिसली, ताजा भुसा पडलेला दिसला, टोक भसकन आत गेलं, तर वाळवीने किंवा भुंग्याने आधीच हिस्सा घेतलाय. एखादा पाय आपले सुतार नवा कातून देतील. आठातले चार गेले असतील तर सोडून दे. बोल्ट गंजलेले असणारच. ते कोणी ताकद लावून पिळू नयेत, दगडाची कड उडते. तेल सोडून दोन दिवस थांबायचं.

कापड आणि रबर यांची किंमत शून्य धर. नख दाबून रबर हललं नाही तर संपलं, आणि इतक्या जुन्याचं संपलेलंच असतं.

सोबत पिवळट जुने बॉल देतो म्हणाला तर हात जोडून नको म्हण. अंगात एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसल्या तर ते हस्तिदंत. वन्यजीव कायद्याखाली त्याची खरेदी-विक्री बंद आहे, फुकट दिले तरी भानगड आपल्या गळ्यात.

घ्यायचं ठरलंच तर पाऊस सरल्यावर हलवा. खोलताना दगडांच्या जोडांवर नि पायांच्या माथ्यावर कोरलेले आकडे आहेत का ते बघा. नसतील तर खडूने तुम्हीच घाला आणि फोटो काढून ठेवा. एकेक तुकडा दीड-दोनशे किलोचा आहे, उभा धरूनच न्यायचा, टेम्पोत आडवा टाकायचा नाही. आणि पॉलिशवाल्याला तोवर जवळ फिरकू देऊ नकोस. मशीन लावून तो वरची पातळ महोगनीच घासून काढेल.

खालून काढलेले फोटो पाठव, मग दराचं बोलू. तोवर बयाणा देऊ नकोस. आईला सा. न., वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा,
बाळू