तार तीच, एमसीबी मात्र मोठा

संपादक महोदय,

व्यावसायिक इमारतींतील ई-गाड्यांच्या चार्जिंगच्या सोयीची कालच्या अंकातील बातमी वाचली. किती चार्जर बसले हे तीत ठळकपणे होते. ते कोणत्या तारेवर बसले याविषयी एक ओळही नव्हती, म्हणून हे पत्र.

अंधेरी पूर्वेला माझा गाळा आहे त्या इमारतीच्या तळघरात, जिन्याला लागूनच, गेल्या वर्षी 3.3 किलोवॅटचे दोन चार्जर एकाच जुन्या लाइनवर जोडले गेले. दोन्ही गाड्या एकदम लावल्या की 16 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे भार वाढताच आपोआप वीज तोडणारा स्विच, पडायचा. ठेकेदाराच्या वायरमनने उपाय म्हणून 32 अँपिअरचा एमसीबी बसवला आणि अडीच चौरस मिलिमीटरची तार तशीच ठेवली. एमसीबी पडत होता तो तार वाचवण्यासाठीच, हे तिथे कोणाच्याही ध्यानात येऊ नये याचा मला आजही संताप येतो. लिफ्टची मोटर चालते, थांबते. चार्जर मात्र तासन्‌तास पूर्ण भार ओढत राहतो आणि पाइपात कोंडलेली तार तापत जाते. मे महिन्यात एका संध्याकाळी जिन्यात जळका वास सुटला. वॉचमनने धावत जाऊन मेन स्विच पाडला, तोवर सॉकेट वितळले होते आणि तारेवरचे आवरण बोट लावताच गळून पडत होते. वर शिलाईकाम करणाऱ्या तीसेक बायका होत्या आणि त्यांना उतरायला तोच एक जिना. दुसऱ्या दिवशी जळका तुकडा कापून, जोड देऊन चार्जर पुन्हा सुरू झाले. मी लेखी तक्रार केली. पोच मिळाली, उत्तर नाही.

सिकंदराबादला सप्टेंबर 2022 मध्ये ई-स्कूटर शोरूमच्या आगीचा धूर वरच्या हॉटेलात चढला आणि आठ जण गेले. लिथियम बॅटरीची आग विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटते. तळघरात तर बंबही पोहोचत नाही.

2006 च्या राज्य कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, द्यावा लागतो. आमच्याकडे जुलैत तपासणीला आलेल्या माणसाने सिलिंडरवरच्या तारखा पाहिल्या. चार्जरकडे तो फिरकला नाही आणि होजची पेटी गाड्यांआड उघडताच येत नव्हती, तरी शेरा ‘ठीक’. चार्जरसाठी मीटर रूमपासून स्वतंत्र लाइन, गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी आणि जिन्यापासून दूरची जागा, एवढे पाहिल्याशिवाय अग्निशमन दलाने हा फॉर्म स्वीकारू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आमच्या तळघरात तो 32 अँपिअरचा एमसीबी आजही त्याच तारेवर आहे.

– एक गाळेधारक, अंधेरी (पूर्व), मुंबई