खिडकी उघडी ठेव, लेका

अकोला,
१४ एप्रिल

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. यवतमाळला बदली, एक मेला हजर व्हायचंय, हे वाचून आधी हसूच आलं रे, कारण तीन वर्षांपूर्वी मला अकोल्याची ऑर्डर आली तेव्हा चिपळूणच्या एसटी स्टँडवर वडापाव खात तू काय काय बोलला होतास ते शब्दन् शब्द आठवतंय मला. आता ये. फोनच करणार होतो, पण तू जे विचारलंयस, एसी घेऊ का तो चाकांवरचा पोर्टेबल कूलर घेऊ, त्याचं उत्तर पाच मिनिटांत होणारं नाही, आणि याच पायी मी माझा पहिला अख्खा एप्रिल घामात घालवलाय म्हणून म्हटलं बसून नीट लिहू. जेवण झालंय, कूलर चालू आहे, बायको सीरियल बघतेय, वेळ आहे.

आधी माझी फजिती ऐक. भाड्याचं घर, मालक खिडकीला हात लावू देईना, मग तो मोठा लोखंडी कूलर बाहेरून बसवायचा प्रश्नच नव्हता, म्हणून दुकानातून ३५ लिटरचा प्लास्टिकचा ढकलायचा कूलर आणला. पाणी भरलं, पिन लावली, आणि आपल्या अकलेप्रमाणे सगळी दारं खिडक्या लावून घेतल्या, पडदे ओढले, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. का, तर ऑफिसात एसी लावला की तसंच करतात ना. पहिला अर्धा तास काय मजा, बायकोला म्हटलं बघ, उगाच घाबरत होतीस. रात्री एकला जाग आली तर चादर दमट, फरशीला पाय चिकटतायत, श्वास जड, आणि घरात तो वास, जुलैत आपल्याकडे माळ्यावर कपडे वाळत घातले की येतो ना, तोच. बायको उठून बसली आणि म्हणाली, "अहो, साडेआठ हजाराला आपण चिपळूण विकत आणलं का?"

सकाळी मी दुकानदाराच्या नावाने बोटं मोडत होतो तेवढ्यात शेजारच्या काकू ताक घेऊन आल्या. आत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबल्या. "काहून बंद केलं बाप्पा सारं? हवा जाईन कुठून?"

बस. इथली लहान पोरं पण जाणतात ती गोष्ट मला चाळिशीत कळली. आपल्या डोक्यात गार म्हणजे कोंडून ठेवायचं हे इतकं फिट्ट बसलंय. एसी आहे तीच हवा परत परत गार करतो म्हणून तो बंद खोली मागतो. कूलर पाणी उडवून हवा गार करतो, म्हणजे त्या हवेत वाफ घालतो, आणि ती ओली हवा बाहेर गेलीच नाही तर कूलर तीच परत ओढतो, आणि ओल्या हवेत पाणी उडणार कसं? मग नुसता आवाज आणि चिकचिक. त्यामुळे कूलरच्या पाठीला बाहेरची कोरडी हवा लागते आणि समोर वापरलेली हवा जायला वाट लागते. कूलर कुठल्या कंपनीचा ते नंतर बघ, आधी घराच्या खिडक्या बघ.

आता तू विचारशील की बाहेर ४३ असताना खिडकी उघडायची म्हणजे डोकं फिरलंय का. मलाही तसंच वाटलं, म्हणून प्रयोग केला. शाळेच्या लॅबमध्ये असतो तसला लांब थर्मामीटर आणला, त्याच्या टोकाला ओला कापूस गुंडाळला आणि बाल्कनीत टेबलफॅनसमोर धरून उभा राहिलो, मे महिना, दुपारचे तीन, समोरच्या गच्चीवरची पोरं हसतायत. कोरडा होता तेव्हा ४३ दाखवत होता. ओल्या कापसाने पारा उतरायला लागला, ३५, ३०, २६, आणि २३ वर येऊन थांबला. नुसता पंखा आणि ओला कापूस, वीस डिग्री! तेव्हा मला तो माठ, ते अंगणात पाणी मारणं, ते जुन्या लोकांचे वाळ्याचे पडदे सगळं एकदम कळलं. मग भावाला फोन करून चिपळूणला घरी हेच करायला लावलं. तिकडे कोरडा ३४ आणि ओला २९. पाच डिग्रीचा खेळ. म्हणून आपल्याकडे कूलर चालत नाही आणि म्हणून आपण कूलरला हसतो.

त्या २३ पर्यंत कूलर कधीच पोचत नाही, हे पण सांगतो म्हणजे नंतर मला शिव्या घालू नकोस. माझ्याच्या तोंडाशी त्या दुपारी थर्मामीटर धरला तर २८ होतं. समोर बसलास तर स्वर्ग, पण खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात ३२-३३ असतंच, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू झाला की रात्रीसुद्धा भिंती तव्यासारख्या तापलेल्या असतात, तेव्हा कूलरच्या झोतात खाट ओढायची आणि गपचूप पडायचं. यवतमाळ जरा उंचावर आहे, एखाद दोन डिग्री इकडच्यापेक्षा सुखी असशील.

मांडणी कशी करायची ते नीट वाच. कूलरची पाठ उघड्या खिडकीला किंवा बाल्कनीच्या दाराला लावायची, जितकी चिकटून तितकी बरी, शक्यतो सावलीच्या बाजूला. खोलीच्या मधोमध ठेवलास तर माझ्या पहिल्या रात्रीसारखं होईल. मग समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी उघडायची. किती उघडायची? काकूंची युक्ती आहे, पेपरची बोटभर रुंद पट्टी फाडून त्या फटीत वरून चिकटवायची. पट्टी बाहेरच्या बाजूला सळसळत राहिली की बरोबर. नुसती लोंबली तर हवा निघत नाहीये, अजून उघड. आत वळली तर बाहेरचा वारा घुसतोय, ती खिडकी बंद करून दुसरी बघ. आमची पट्टी तीन वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीला आहे. आधी मी बेडरूममधून हवा सोडायचो, मग बायको म्हणाली तुम्ही हॉलमध्ये गारव्यात आणि मी ओट्यापाशी भाकरीबरोबर भाजतेय. आता हॉलची हवा स्वयंपाकघरातून बाहेर जाते, जाताना तिच्या पाठीवरून जाते, फोडणीचा ठसका पण घेऊन जाते. पोर्टेबलचा हा एक फायदा, रात्री तोच ढकलत बेडरूमच्या खिडकीशी न्यायचा. फक्त टाकी भरलेली असताना उंबरठ्यावरून नेऊ नकोस, एकदा अर्धी टाकी गादीवर आलीय.

दुकानदार तुला बर्फाचा कप्पा दाखवेल, बर्फ टाका साहेब एसी विसराल. विसरून जा. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो त्याच्या सातपट उष्णता एक लिटर पाणी वाफ होताना घेतं. माझी ३५ लिटरची टाकी मे महिन्यात दुपारी बाराला काठोकाठ भरली तर आठच्या सुमारास खडखडाट, म्हणजे तासाला साडेचार लिटर धर. एवढं पाणी उडतं म्हणजे एक टनाच्या एसीच्या जवळपास उष्णता शोषली जाते, आणि वीज किती, तर १७० वॅट, घरचा इन्व्हर्टर ओढतो. अर्थात एसीशी बरोबरी नाही, हा गारवा आपण सारखा खिडकीतून सोडून देतो. पण लाइट गेली की गल्लीतले एसीवाले गच्चीवर आणि आम्ही कूलरसमोर, तेव्हा जरा बरं वाटतं हे कबूल करतो.

आता पाणी. हे तुला कोणीच सांगणार नाही. अकोल्याला नळ चार पाच दिवसांनी येतो, काटेपूर्णा धरणाचं पाणी, चांगलं असतं, पण ते कूलरला पाजायचं म्हणजे जिवावर येतं. म्हणून मी पहिल्या वर्षी बोअरचं पाणी टाकलं. हा भाग खारपाणपट्ट्याला लागून, आणि आमच्या बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. पाणी उडून जातं, मीठ कुठे जाणार? महिन्याभरात पॅडवर, म्हणजे ज्या ओल्या जाळीतून हवा आत येते तिच्यावर, पांढरी खरपुडी चढली, हात लावला तर पापडासारखी मोडायला लागली, हवा निम्मी झाली, आणि पंपाचं तोंड असं बुजलं की वरून पाण्याची धार एकाच कोपऱ्यात पडायची, बाकीचा पॅड कोरडा ठणठणीत. कोरड्या पॅडमधून येणारी हवा म्हणजे नुसती बाहेरची लू, तेवढं लक्षात ठेव, मागून हात लावून पॅड सगळीकडे ओला आहे का बघत जा. आता मी धुण्याभांड्याचं बोअरचं, कूलरचं नळाचं असं वाटून घेतलंय, आणि दोन तीन दिवसांनी टाकीत उरलेलं खारट पाणी काढून टाकतो, त्यात भर घालत बसत नाही. महिन्यातून एकदा लिंबूसत्व टाकलेल्या पाण्यावर पंप तासभर फिरवायचा, तेव्हा पंखा बंद. तुझ्याकडचं पाणी कसंय ते गेल्यावर बादलीच्या कडेला बघ, पांढरी रेघ उमटली की समजायचं.

पोर्टेबलला मधाच्या पोळ्यासारखे जाड कागदाचे पॅड येतात, ते नीट वापरले तर दोन तीन उन्हाळे जातात. इथल्या लोखंडी कूलरला मात्र लाकडाच्या किसाच्या ताट्या, त्या दरवर्षी नव्या. होळी झाली की ताट्यावाले रस्त्याच्या कडेला बसतात, तारेच्या जाळीत तो पिवळा कीस भरून ठोकत असतात, आणि नव्या ताटीवर पहिलं पाणी पडलं की जो वास येतो ना बंड्या, ओल्या लाकडाचा, तो प्लास्टिकच्या कूलरला कधी येणार नाही. वाळ्याची ताटी तर विचारूच नकोस. पुढे कधी स्वतःचं घर झालं तर मी लोखंडीच घेणार.

पण लोखंडी घेतलास तर, आणि प्लास्टिकचा असला तरी, हे गमतीत घेऊ नकोस. दर उन्हाळ्यात इकडच्या पेपरात बातमी असतेच, कूलरचा शॉक लागून गेला. पाणी भरता भरता. बहुतेक वेळा पंपाचं इन्सुलेशन गेलेलं असतं, बॉडीत करंट, घरात अर्थिंग नाही, आणि पाय ओल्या फरशीवर. आमच्याकडे मालकाने अर्थिंगची तिसरी वायर नुसती दाखवायला सोडली होती, बोर्डाच्या मागे कशालाच जोडलेली नव्हती, वायरमनने उघडून दाखवलं तेव्हा माझे हातपाय गार पडले. तू राहायला जायच्या आधी वायरमन बोलव, अर्थिंग तपासून घे आणि ३० मिलीअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाइट तोडणारा स्विच, बसवून घे, मालक पैसे देत नसेल तर स्वतःचे घाल. आणि पाणी भरताना बटण बंद नाही, पिनच काढायची. तुमची चिऊ आता रांगत नाही, पळते, तिला कूलरला हात लावू द्यायचा नाही म्हणजे नाही.

डासांचं पण तेच. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आठ दहा दिवसांत पिल्लावळ उडायला लागते. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून आतल्या भिंती घासायच्या, नुसतं पाणी ओतून उपयोग नाही, अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी मरत नाहीत. आमचा वार रविवार, माझं काम.

बाकी घरात काय होतं, मीठ जरा ओलसर होतं, आईने पाठवलेली फणसपोळी पहिल्या वर्षी कूलरच्या झोतात राहून लिबलिबीत झाली, पापडाचा डबा हॉलमध्ये ठेवू नका असं वहिनीला सांग. जूनच्या मध्यात ढग आले की पंप बंद करायचा, नुसता पंखा. त्यानंतर कूलर लावणं म्हणजे परत चिपळूण. त्या दिवसात आणि सप्टेंबर ऑक्टोबरात एसीवाले जिंकतात, त्याला इलाज नाही. पण मार्च ते जून साडेतीन महिन्यांसाठी, भाड्याच्या घरात, दोन वर्षांनी परत बदली होणाऱ्या माणसाने एसी घेऊन वायरिंग बदलत बसावं असं मला वाटत नाही. पोर्टेबल घे, टाकी ४० लिटरच्या खाली नको, चाकं मजबूत बघ आणि पाणी काढायचं बूच खाली तळाला आहे ना ते वाकून बघ, माझ्याला ते दोन इंच वर आहे आणि दर रविवारी मी तो कूलर मिठी मारून तिरका करतो.

आणि घराचा अ‍ॅडव्हान्स देऊ नकोस अजून. आधी सगळ्या खिडक्यांचे फोटो टाक, कुठली खिडकी कुठल्या दिशेला ते लिहून. समोरासमोर दोन खिडक्या नसतील तर ते घर सोड. येताना कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या आण, एक तुझी एक माझी, अकोल्याला उतरून दे, पुढची यवतमाळची गाडी मी बसवून देतो.

नळाला पाणी आलं बघ, टाकी भरायला उठतो.

तुझा,
बाब्या