आधी आकडेमोड, मग ठोका

संपादक महोदय,

काँक्रीटच्या जुन्या बांधकामांच्या तपासणी अहवालांत आघात-प्रतिध्वनी चाचणीचे, म्हणजे ठोका मारून परतणाऱ्या लहरींवरून जाडी व आतले दोष ओळखण्याच्या चाचणीचे, आलेख हमखास जोडलेले असतात. मात्र त्या आलेखात कोणते शिखर (जोरकस कंपनाची वारंवारता) कुठे यायला हवे, हे ठोका मारण्यापूर्वी संगणकावर काढून पाहिले होते का, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. खरी उणीव तेथेच आहे.

चाचणी दिसायला साधी आहे. लहान पोलादी गोळी पृष्ठभागावर आपटायची, शेजारच्या संवेदकाने कंपने टिपायची आणि त्यांची वारंवारता पाहायची. लहरींचा वेग सेकंदाला 4000 मीटर धरल्यास 200 मिलिमीटर जाडीच्या निर्दोष स्लॅबचे शिखर साधारण 9.6 किलोहर्ट्झला येते. 80 मिलिमीटर खोलीवर थर सुटला असेल, तर ते 24 किलोहर्ट्झच्या आसपास दिसते. पण 16 मिलिमीटर व्यासाची गोळी वापरली, तर इतकी वरची कंपने नीट उठतच नाहीत आणि सुटलेला थर नजरेतून निसटू शकतो. त्यासाठी 10 मिलिमीटरची गोळी हवी. याउलट, अगदी वरचा थर सुटला असेल, तर तो डफाच्या कातड्यासारखा थरथरतो आणि वारंवारता वाढण्याऐवजी एकदम खाली येते. तुळईत तर बाजूंच्या कडांवरून परतणाऱ्या लहरी कोणताही दोष नसताना आपापली शिखरे उमटवतात, आणि अननुभवी डोळ्याला तीच पोकळी वाटते. फायनाइट एलिमेंट पद्धतीने, म्हणजे संगणकावर तुळईचे लहान लहान घटक पाडून, तीच तुळई आधी निर्दोष आणि मग सदोष धरून सोडवली, तर हा घोळ बराचसा टळतो.

अर्थात, असे संगणकीय प्रतिरूपणही गृहीतकांवर चालते. वेग 4000 ऐवजी 3600 धरला, की तोच 200 मिलिमीटरचा स्लॅब कागदावर 180 मिलिमीटरचा होतो. त्यामुळे जेथे जाडी प्रत्यक्ष मोजता येते, अशा जागी वेग ठरवून घेणे आवश्यक आहे. मोजमाप हाती आल्यावर ते जुळेपर्यंत आकडे फिरवत बसण्याची पद्धतही अधूनमधून दिसते. ते उत्तर पाहून गणित सोडवण्यासारखे आहे.

म्हणून अहवालात गृहीत धरलेला वेग, गोळीचा व्यास आणि प्रतिरूपणातील घटकांचा आकार नोंदवावा, चाचणीपूर्वी काढलेला आलेख मोजलेल्या आलेखाशेजारी छापावा आणि जेथे दोन्ही जुळत नाहीत, नेमका तेथेच कोअर (काँक्रीटचा दंडगोल नमुना) काढावा, अशी अपेक्षा आहे.

आपला,
एक स्थापत्य अभियंता